खोलीची शांतता

९ नोव्हेंबर, रविवार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. पत्राच्या वर घालायचा म्हणून घातलेला हा नमस्कार नाही, खरोखर वाकून केलाय असं समज. यापुढे ‘इकडे सर्व ठीक, तिकडेही असेल’ असं लिहायची रीत आहे. पण तू ठीक नाहीस हे मला कळलंय, म्हणून ती ओळ गाळते.

माझी बातमी म्हणजे खोली बदलली. आता तिसरा मजला, अरुंद जिना, आणि खिडकीसमोर दंतवैद्याचा दवाखाना. माणसं आत जाताना हसत नाहीत आणि बाहेर येताना त्यांना हसता येत नाही, एवढीच काय ती करमणूक. काम तेच. संकलनाची खोली तीच, बिनखिडकीची, दोन पडदे आणि एक मोडकी खुर्ची. पाठ दुखते. तू सांगितलीस तशी उशी घेतली, पण ती खुर्चीपेक्षा कडक निघाली.

बघ, पाठीवर आले. मुद्द्यावर यायचं असलं की मी आधी गावभर फिरून येते, हे मी पाचवीत असल्यापासून तू सांगतोयस.

शिंपीकाकांचा फोन आला होता. कार्यक्रम लागून तीन आठवडे झाले, तेव्हापासून तू त्यांच्या दुकानाच्या बाकावर बसायला येत नाहीस म्हणाले. भाजीवालीने तुला गमतीत विचारलं म्हणे, “दादा, तळ्याचं दार नीट लावून आलात, की पळत आलात?” सगळे हसले, तूही हसलास, आणि भाजीची पिशवी तिथेच विसरून घरी गेलास. मग काका म्हणाले, की तू तळ्याच्या दरवाजाची किल्ली पाणीखात्याच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलीस. एकोणतीस वर्षांनंतर. आणि मीटर वाचायच्या कामावर बदली मागितलीस. दर शनिवारी घासून लख्ख करायचास ती दरवाजाजवळची घंटाही तीन शनिवार तशीच आहे म्हणे.

दादा, टीव्हीवाल्यांचं मनावर घेऊ नकोस. ते लोक असेच. माणूस तासभर बोलतो, ते त्यातली दोन मिनिटं ठेवतात, आणि तीही त्यांना हवी ती.

वरचा परिच्छेद खोडणार होते. राहू दे. मी कशी सुरुवात केली ते तुला दिसू दे.

आमच्या ‘दंतकथेच्या तळाशी’ या मालिकेचं काम तुला माहीतच आहे. जुनी गोष्ट घ्यायची आणि ती खरी की खोटी ते शोधायचं. राक्षसाचं पाऊल म्हणून लोक ज्याला नमस्कार करायचे ती जुनी दगडाची खाण निघाली. शापाने दगड झालेल्या वरातीतला नवरदेव, तपासल्यावर, जुना मैलाचा दगड निघाला. मला मजा यायची. लोकांच्या गोष्टीचा फुगा फुटताना बघायला कुणालाही मजा येते, गोष्ट आपल्या घरची नसेपर्यंत.

मग एका बैठकीत नवीन विषय कुणालाच सुचेना, तेव्हा आपल्या घरची गोष्ट मीच सांगितली. तळ्याखाली बुडालेलं जुनं शहर, बांध फुटला ती रात्र, बायकामुलांना पुढे पाठवून पहाटेपर्यंत घंटा वाजवत राहिलेला दारवान. सगळं शहर वाचलं आणि तो बुडाला. आणि त्याचा वंशज आजही त्याच तळ्याचा दरवाजा उघडतो, बंद करतो, तो माझा भाऊ. हे शेवटचं सांगताना माझी मान इतकी ताठ झाली होती म्हणून सांगू. तुला पडद्यावर बघायचं होतं मला. वहिनी गेल्यापासून तू कुणाशी धड बोलत नव्हतास, चार माणसं घरी येतील, तुला विचारतील, तुला बरं वाटेल, असंही वाटलं होतं. हे खरं आहे, पण हे ढाल म्हणून वापरणार नाही.

आता जे कार्यक्रमात दाखवलं नाही ते सांगते. तळ्याच्या तळाची माती काढायला एक बाई आल्या होत्या, आम्ही त्यांना मातीवाल्या बाई म्हणायचो. तू त्यांना नावेतून नेलंस, आठवत असेल. त्यांनी महिनाभर काम करून सांगितलं की बांध एका रात्रीत फुटलाच नाही. चाळीस-पन्नास वर्षं तो इंचाइंचाने खचत गेला. पाण्याखाली भिंती सापडल्या, पण त्यात एकही भांडं नाही, आणि एकाही घराला दाराची चौकट नाही. लोक चौकटीसुद्धा उखडून सोबत घेऊन गेले होते, सावकाश, गाड्या भरभरून. म्हणजे दादा, घंटा वाजवायला कारणच नव्हतं, आणि पळायलाही नव्हतं. आपला दारवान ना शूर होता ना पळपुटा. असलाच, तर पाणी वर येत असताना रोज कामावर जाणारा एक माणूस होता. तुझ्यासारखा.

आमच्या निर्मातीबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, “चाळीस वर्षं चाललेला पूर कोण बघणार?” मातीवाल्या बाईंच्या बोलण्यातलं ‘बांध खचला’ एवढंच ठेवलं. पुढे निवेदकाने भारदस्त आवाजात विचारलं की दारवान खरंच थांबला होता, की अंधारात पळाला? आणि मग तुझ्याकडे आले.

तुला विचारलं होतं, “तुमच्या घरात कधी कुणी म्हणालं का, की तो पळाला असेल?” तू हसलास. खुर्चीत मागे टेकलास आणि म्हणालास, “आमचे वडील म्हणायचे, पळायला दोन पाय सगळ्यांनाच असतात. तो थांबला का पळाला, मला ठाऊक नाही. मी थांबतो, एवढं ठाऊक आहे.” हे उत्तर मी निदान वीस वेळा ऐकलंय. माझ्या सगळ्या नोकरीत कुणी इतकं चांगलं उत्तर दिलेलं नाही.

ते दाखवलं गेलं नाही. त्याच्या जागी जगाने काय पाहिलं, तर प्रश्न, आणि त्यानंतर तू. मान खाली, हात गुडघ्यांवर, ओठ घट्ट, डोळे भरलेले. एक शब्द नाही. सोळा सेकंद. ते बघून कुणीही म्हणेल, याला माहीत आहे, सांगवत नाही बिचाऱ्याला.

तो चेहरा कुठून आला हे तुला अजून कळलं नसेल. तू म्हणत असशील, असा मी कधी बसलो? बसला होतास. मुलाखत संपल्यावर आवाजवाला म्हणाला होता, “आता सगळे तीस सेकंद गप्प, खोलीची शांतता घेतो.” प्रत्येक ठिकाणी घेतात. रिकाम्या खोलीलाही तिचा आवाज असतो, पुढे दोन वाक्यं जोडताना मधल्या भेगेत तो भरावा लागतो. तेव्हा कॅमेरा बंद करायची गरज नसते, म्हणून कुणी करत नाही. तो तुझ्यावरच चालू राहिला.

मी तिथे नव्हते, पण माझ्याकडे सगळं आलं, अगदी पहिल्या मिनिटापासून. पहिल्याच मिनिटात आवाजवाला म्हणतो, “काका, आतला रेडिओ तेवढा बंद कराल?” आणि तू म्हणतोस, “आमच्याकडे तो बंद नसतो.” मग उठून बंद करतोस. बोलणं चालू होतं तोवर ठीक होतं. शेवटी ती तीस सेकंदं आली, आणि वहिनी गेल्यानंतर चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात काहीच वाजत नव्हतं.

मला हे माहीत होतं, दादा. तूच फोनवर सांगितलं होतंस, की तिचा रेडिओ सकाळी लावतो तो झोपेपर्यंत, नाहीतर घर अंगावर येतं. तो चेहरा कशाचा आहे हे त्या अख्ख्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

आणि तो प्रश्नापुढे मी जोडला.

निर्मातीबाई फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, “तुझ्या भावाचं उत्तर छान आहे, पण हो पण नाही आणि नाही पण नाही. इथे काहीतरी हवंय.” कुणी मला तो चेहरा दाखवला नाही, कुणी जोर केला नाही. मी फिती चाळत होते, तो दिसला, आणि हात आपोआप चालला. बावीस वर्षांची सवय आहे हाताला. जोडून झाल्यावर मी पुन्हा पाहिलं आणि, लाज वाटते लिहायला, मला ते आवडलं. काम म्हणून आवडलं. बाई म्हणाल्या, वा. घरी जाऊन मी पोटभर जेवले. टीव्हीवर लागलं तेव्हाच पहिल्यांदा तू दिसलास. तोवर तो एक शॉट होता.

तुला वडिलांचा चष्मा आठवतो? मी त्याच्यावर बसले होते. त्यांनी दोघांना उभं करून विचारलं, आणि तू मान खाली घालून गप्प राहिलास. त्यांनी गप्प बसण्याचा अर्थ कबुली असा लावला आणि महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत. मी सात वर्षांची होते, मला सोयीचं होतं, मी बोलले नाही. आता एकोणपन्नासची आहे. तेवढाच काय तो फरक.

आता कामाचं. कार्यक्रम २३ तारखेला पुन्हा दाखवणार आहेत. मी बाईंना सगळं सांगितलं. त्या आधी चिडल्या, मग घाबरल्या, मग नियमावर आल्या. झालेला कार्यक्रम संकलकाच्या सांगण्यावरून बदलत नाहीत. ज्याची मुलाखत आहे त्याने स्वतः लेखी तक्रार केली तरच बदलतात, आणि सुरुवातीला पडद्यावर खुलासाही देतात. म्हणून सोबत तक्रार लिहून पाठवते आहे. ‘माझे उत्तर काढून टाकून मी गप्प असतानाचे चित्र उत्तर म्हणून जोडले, हे काम संकलकाने जाणूनबुजून केले,’ असं त्यात तुझ्या वतीने साफ लिहिलंय. नातं कुठे लिहिलेलं नाही. खाली तुझी सही हवी, आणि १८ तारखेच्या आत पोचायला हवी. तुझं पूर्ण उत्तर आणि मातीवाल्या बाईंचं चौकटींबद्दलचं बोलणं मी जोडून तयार ठेवलंय.

सही केलीस तर माझं काय होईल ते तू लगेच विचारशील. मला इथून काढतील, आणि या धंद्यात अशी बातमी माणसाच्या आधी पोचते. ते व्हायला हवं तेवढंच होईल. तू पुन्हा चष्म्यासारखं करशील याची मला भीती वाटते. करू नकोस. शिंपीकाकांच्या बाकावर तुला ताठ बसलेलं बघायचंय मला. किल्ली परत माग. साहेबांनी अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही, मी खात्यात फोन करून विचारलं.

एक राहिलं. मघाशी मी लिहिलं की तो चेहरा वहिनीसाठी होता. लिहून झाल्यावर वाटलं, हेही मीच ठरवलं. तू त्या तीस सेकंदांत काय मनात आणत होतास हे मी तुला कधी विचारलंच नाही. तुझ्या गप्प बसण्यावर मी एकदा परक्यांसाठी शब्द चिकटवले, आणि आता स्वतःची टोचणी कमी व्हावी म्हणून दुसरे चिकटवतेय. तू सांगशील ते खरं.

सही करून पाठव, किंवा फाडून टाक, किंवा मला चार शिव्या लिही, त्या मी जपून ठेवीन. काहीच आलं नाही, तर काहीच आलं नाही. तू गप्प राहिलास तर या वेळी त्याचा अर्थ मी लावणार नाही.

तुझी धाकटी बहीण, आणि सोबतच्या कागदातली संकलक,

बारकी