स्वखुशीने

६ जानेवारी २०२५

गठ्ठा आला! तीनशे बारा पानं. पुस्तकाचं नाव ‘मरणाचे लावण्य’. ज्याला हे सुचलं त्याने मेलेलं माणूस बहुधा फोटोतच पाहिलं असावं.

लेखक कोणी रविराज. चाळिशीच्या आतला. पूर्वार्ध – साहित्यातला मृत्यू. उत्तरार्ध – गाजलेली हत्याकांडं. आधी गोड, मग तिखट. वाचकाचं पोट भरायला पाहिजे ना!

प्रकाशिका शर्मिलाताईंचा फोन. ‘‘सुनीतीताई, फक्त शुद्धलेखन बघायचं हं. आशयाला हात नको.’’ सव्वीस वर्षं मुद्रितं तपासते आहे मी. एकदा तरी लावलाय का हात? लोकांच्या मूर्खपणातल्या वेलांट्या तेवढ्या सुधारून दिल्या, मूर्खपणा जसाच्या तसा ठेवला. पण दर वेळी सांगतातच. सांगोत बापड्या.

९ जानेवारी

पूर्वार्ध निम्मा झाला. कमाल आहे ह्या माणसाची! नायिका क्षयाने मेली – सुंदर. विहिरीत उडी मारली – फारच सुंदर. बाळंतपणात गेली – त्यात तर ह्याला म्हणे ‘एक सोनेरी शांतता’ दिसते. बाळंतपणाची खोली कधी झाडून काढली आहेस का रे बाबा? कथा-कादंबऱ्यांतली एकही बाई मरताना ओकत नाही, एकीचाही वास येत नाही. पांढरी चादर, खिडकीत उजेड, आणि पुरुष शेजारी बसून काहीतरी समजून घेतोय. मरायचं हिने आणि शहाणं व्हायचं त्याने.

आपल्या भाषेत मरणाच्याही पायऱ्या आहेत. मंत्र्याचं ‘निधन’, साहेबांचं ‘दुःखद निधन’, मास्तरांचा ‘मृत्यू’, अपघातात मजूर ‘ठार’, आणि पोलिसांच्या कागदावर सगळे ‘मयत’. कोण कुठल्या पायरीवर मेलं ते कंपोझिंगवाल्यालासुद्धा पाठ असतं.

शुद्धलेखन मात्र बरं आहे ह्याचं. तेवढं तरी.

११ जानेवारी

अवनीने टेबलावरचं नाव वाचलं आणि ओरडलीच. ‘‘मम्मी, रविराज? सीरियसली? मी त्याचा पॉडकास्ट ऐकते रोज!’’

हिंजवडीला जाताना बसमध्ये पोरगी दीड तास खून ऐकते. म्हटलं, भीती नाही वाटत? म्हणे, ‘‘अगं नाही, रिलॅक्स वाटतं. त्याचा आवाज किती काम आहे.’’ काम म्हणजे शांत. मला वाटलं होतं कामाचं काही बोलतेय.

चोवीस वर्षांची झाली. हिला एक मावशी होती एवढं माहीत आहे. भिंतीवर फोटो आहे. मावशी काविळीने गेली असं सांगितलंय. मीच सांगितलंय.

१४ जानेवारी

प्रकरण सात उघडलं. मिटलं.

१५ जानेवारी

लिहून टाकते. नाहीतर प्रकरण पुन्हा उघडवणार नाही.

प्रकरण सात म्हणजे टायपिंग क्लासवाला. १९८४-८५. चार मुली. नोकरी लावतो म्हणून न्यायचा, भाड्याच्या खोलीत कोंडायचा आणि मारायचा. त्याचं नाव मी ह्या वहीत लिहिणार नाही. पुस्तकात एकोणीस पानं दिली आहेत त्याला. त्याचं बालपण, त्याची बासरी, त्याचं एकाकीपण! आणि शेवटी – ‘२००३ साली कारागृहात त्यांचे निधन झाले.’ त्यांचे! निधन! चार पोरी मारून हा अहो-जाहोला पोचला.

मुलींना मिळून एक पान. आमची प्रेमलाताई शेवटी, दोन ओळींत.

‘चौथी कै. प्रेमला, वय १९. ही त्याच्याबरोबर स्वखुशीने गेली होती. अकराव्या दिवशी प्रेत मिळाले. डॉक्टरांच्या मते मृत्यू नवव्या दिवशी झाला असावा.’

एवढंच. खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये आमच्या लाइनीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी ती. माझी वेणी इतकी घट्ट घालायची की डोळे ताणायचे. मराठी टायपिंग पस्तीसच्या स्पीडने. ह्यातलं काही नको होतं ह्याला. ‘स्वखुशीने’ मात्र हवं होतं.

हाच शब्द आमच्या लाइनीत वर्षभर फिरत होता. राजीखुशीने गेली म्हणे! घरच्यांनीच लिहून दिलंय म्हणे! त्या शब्दामुळे चौकीवाल्यांनी शोधलं नाही. ‘‘येईल परत, नाहीतर लग्नाचे पेढे घेऊन येईल,’’ म्हणाले. नऊ दिवस ती जिवंत होती. नऊ दिवस!

१७ जानेवारी

आज तीन गोष्टी केल्या.

‘त्यांचे’चं ‘त्याचे’ केलं. बाकी प्रकरणात एकवचन आहे, तेव्हा हे व्याकरणात बसतं. कोणी बोलू शकत नाही.

‘कै. प्रेमला’ खोडून ‘कालकथित प्रेमला’ केलं. कैलासवासी कशी होईल ती? आम्ही बौद्ध. कैलासावर आमचं कोण राहतं? पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर बाबांनी कालकथित छापलं होतं, चाळीस पत्रिका. आले सातजण.

आणि ‘स्वखुशीने’वर काट मारली. इतक्या जोरात की कागद फाटला. समासात लिहिलं – ‘आधार नाही.’

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आशयाला हात लावला. लावला तर लावला.

२१ जानेवारी

दुरुस्त पानं आली. कंपोझिंगवाल्या शहाण्याने काय करावं? ‘काल कथित प्रेमला.’ दोन शब्द वेगळे. म्हणजे काल सांगितलेली! हसू की रडू कळेना. हसलेच आधी.

वर शर्मिलाताईंचा फोन. ‘‘अहो, हे कालकथित काय असतं? आणि आपण तो शब्द काढलात, लेखक विचारतायत. आपलं असं कधी होत नाही.’’

म्हटलं, कालकथित एक शब्द आहे, जोडून लिहा. कोशात नसेल तर कोश बदला.

शुक्रवारी ऑफिसला बोलावलंय. लेखकही येणार.

२४ जानेवारी

कसब्यात गेले. ऑफिसच्या खाली तांब्याची भांडी ठोकत बसतात, बोलणं निम्मं त्या आवाजात जातं. रविराज आधीच येऊन बसलेला. दाढी कोरलेली, आवाज खरंच शांत. चहा मलाच आधी दिला. वाईट माणूस नाही. तेच जास्त चिडवतं.

म्हणाला, ‘‘मॅडम, एक विचारू? चारही जणींना मी कै. लावलंय. तुम्ही एकीलाच कालकथित केलंत. मला तो शब्द माहितीय, माझा हॉस्टेलचा रूममेट बौद्ध होता. पण माझ्या पुस्तकात प्रेमलाचं आडनावसुद्धा नाही. तुम्हाला कसं कळलं?’’

झाली चूक! वेलांटीवरून लेखकाचं गाव ओळखणारी मी, आणि एका शब्दावरून स्वतःच सापडले.

‘‘बहीण माझी,’’ म्हटलं.

शर्मिलाताईंनी कप खाली ठेवला. ‘‘अहो, कधी बोलला नाहीत!’’ कशाला बोलू? दुःखाची पावती हवी होती का?

आणि तो! डोळे असे लकाकले त्याचे! ‘‘मॅडम, आय ॲम सो सॉरी... पण आपण प्लीज एक एपिसोड करूया का? फॅमिलीची बाजू कोणीच घेतलेली नाही. तुमचा चेहरा नाही दाखवणार.’’ दुःख व्यक्त करायला एक सेकंद घेतला. मोजून एक.

म्हटलं, एपिसोड गेला उडत. तो शब्द काढा.

‘‘तो माझा शब्द नाहीये. जबाबातला आहे. कोर्टाच्या कागदांच्या नकला आहेत माझ्याकडे.’’

‘‘कोणाचा जबाब?’’

‘‘घरच्यांपैकीच कोणाचा तरी. नाव आठवत नाही. फाइल बघावी लागेल.’’

‘‘बघू नका. मला माहीत आहे.’’

मग म्हणाला, ‘‘ओके. तुम्ही सांगताय तर काढतो. नकला हव्यात का तुम्हाला? तुमच्या ताईंचं काही...’’

पाठवा म्हटलं. निघाले. शर्मिलाताई जिन्यापर्यंत आल्या, एरवी खुर्चीतून उठत नाहीत.

२५ जानेवारी

शब्द निघाला. चाळीस वर्षांनी ताईवरचा डाग निघाला! दुपारी छान झोप लागली.

बाबांचाच जबाब तो. दुसरा कोणाचा असणार? आई तर शुद्धीवर नव्हती. फॅक्टरीतला शिस्तीचा माणूस, पोरगी न विचारता गेली ह्याचाच राग मोठा. चारचौघांत अब्रू जाऊ नये म्हणून लिहून दिलं असेल – गेली आपल्या मर्जीने, आमचा संबंध नाही. तिला शोधण्यापेक्षा तोंड लपवणं सोपं.

अठरा वर्षांची असताना मी एकदाच विचारलं होतं, जेवताना. ‘‘बाबा, तुम्हीच लिहून दिलंत ना पोलिसांना?’’ त्यांनी भाकरी मोडली, माझ्या ताटात टाकली. ‘‘झालं गेलं. जेव.’’

नाही म्हणाले नाहीत! तिथेच मी ओळखलं. त्यानंतर त्यांच्याशी कामापुरतं बोलले. २०११ साली दवाखान्यात होते शेवटचे तीन दिवस, मी इथे कोणाच्या तरी प्रवासवर्णनाची प्रुफं बघत बसले होते. काम फार नव्हतं. मुद्दाम बसले होते. पश्चात्ताप? छे. आजही नाही.

२८ जानेवारी

अवनी म्हणाली, ‘‘मम्मी, तू हल्ली एकटीच पुटपुटतेस.’’ हो म्हटलं, वय झालं.

सांगावं का हिला? मावशीचा खून झाला म्हणून सांगायचं आणि हिने त्याच्या पॉडकास्टमध्ये शोधायचं? शब्द तर निघालाय. आता कोणाला काही कळायची गरज नाही. पुस्तक छापून येईल, प्रेमला नावाची कोणी मुलगी दोन ओळींत मरेल, लोक पान उलटतील. काविळीची मावशी भिंतीवर राहील. बरं चाललंय.

३१ जानेवारी

रविराजने पाकीट पाठवलं. वर चिठ्ठी – ‘मॅडम, पाठवू की नको असा दोन दिवस विचार केला. माफ करा.’

आत दोन जबाब आहेत. वाचले. स्वयंपाक केला नाही.

२ फेब्रुवारी

पहिला बाबांचा. ‘माझी मुलगी न सांगता कुठे जात नाही. तिला फसवून नेले आहे. साहेब, आजच शोध घ्यावा.’ अक्षर हवालदाराचं, पण ‘आजच’ दोनदा लिहिलंय, म्हणजे बाबांनी दोनदा म्हटलं असणार.

दुसरा त्याच दिवशीचा. कु. सुनीती, वय १३, इयत्ता आठवी. मयत मुलीची बहीण नव्हे अजून – बेपत्ता मुलीची बहीण. हवालदाराने विचारलं होतं, ओढून नेलं का गं? मी म्हटलं, नाही, हसत गेली. इंटरव्ह्यू होता ना तिचा. नवी साडी नेसली होती, मला टाटा केला. चौकीत मला लिमलेटची गोळी दिली होती. आजवर एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं, बाकीचं हे वाचून आठवलं. त्याने लिहिलं – ‘स्वखुशीने’. खाली माझी सही. ‘सुनिती’. ‘नि’ ऱ्हस्व.

बाबा शेजारी उभे असणार. त्यांना माहीत होतं. मी विचारलं तेव्हाही माहीत होतं.

शर्मिलाताईंना फोन केला. अवनी समोर बसली होती, तिच्यासमोरच केला. म्हटलं, शब्द काढू नका, बदला. ‘हसत गेली’ असं छापा. आणि कोणी सांगितलं तेही छापा. माझं नाव घाला. आडनावासकट.