गाळाचा खर्च

बाबा, विहिरीवरची मोटर परत जळली. मेहकरहून वाइंडिंग भरून आणली आणि खर्च कुठे लिहावा म्हणून तुमची जुनी वही काढली. तुमच्यामागे गावाने मलाच विश्वस्त केलंय. शेताच्या मालकांना मूलबाळ नव्हतं, त्यांनी शेत आणि बँकेतली ठेव ट्रस्टला दिली. शेताचं उत्पन्न त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, हयात असेपर्यंत काकूंचं, आणि त्यांच्यानंतर शेत, ठेव, सगळं मुद्दल गावच्या शाळेचं. कोणता खर्च कशातून करायचा हे तुम्हीच मला जेवता जेवता शिकवलं होतं. "दरसालचा खर्च उत्पन्नातून. जे काम पिढीभर टिकते, ते मुद्दलातून." म्हणजे विहीर बांधली तर मुद्दल, गाळ काढला तर उत्पन्न. इतकं सरळ.

मग तुमच्या वहीत दर उन्हाळ्याचा गाळ मुद्दलात कसा? कॉलेजात असताना मी हे विचारलं, तर हातातला घास तसाच धरून तुम्ही ओरडलात, "लय शायना झाला का बे?" चुलीपुढून आई बोलली, "त्याच्यावर काऊन चिडता? गाळ बी शाळेच्याच माथी! त्या बाईची एवढी काय काळजी लागून राह्यली तुमाले?" तुम्ही ताटावरून उठलात. त्या दिवसापासून तुम्ही काकूंकडे किती वेळ बसता यावर मी नजर ठेवायला लागलो. सांगायला लाज वाटते, पण ठेवली.

आता हेडमास्तर विचारतात, पुढे ठेवीतून शाळेच्या दोन खोल्या होतील ना? मी होकारार्थी मान हलवतो. होईल एकच.

परवा काकूंकडे गेलो. पत्रे गळतात, डब्यात तुरीची डाळ तळाला गेलीये. चहा देताना म्हणाल्या, "हा तुमच्या बाबाचा कप हाय. मोटरचे पैसे माह्या हिश्शातून कापजा. त्याईलेही मी दरसाल हेच म्हनो, पन आयकत नोहते."

"काऊन आयकत नोहते?" मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं.

"ते त्याईलेच इचारा लागत होतं," म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसण्यातून मला काहीच कळलं नाही, बाबा. म्हणून तुम्हाला विचारतोय, हे पत्र कुठे जाणार नाही हे माहीत असून.

मोटरचा खर्च मी मुद्दलात लिहिला. लिहीत असताना बायको आत आली, तशी मी वही मिटली.