दोघांचा होकार

सोम. ३ फेब्रु. ९७
आजही सासूबाईंना बाहेरून कडी लावून कामाला आले. भास्करची या पंधरवड्यात दिवसपाळी, माझी तर रोजचीच. घरात कोण थांबणार? त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. सकाळी मला विचारत होत्या, "कोणाची गं तू?" मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालत होते, लक्ष सगळं गोडादऱ्यातल्या घरात.

बुध. ५
दुपारी शेजारच्या मंगलाताईंचा निरोप. खिडकीतून धूर. सासूबाई स्टो पेटवायला गेल्या, पदराने पेट घेतला. ताईंनी कडी काढून गोधडी टाकली म्हणून वाचल्या. हातावर मोठे फोड. ताई एवढंच म्हणाल्या, "शालू, कडीऐवजी कुलूप असतं तर?"
भास्कर आला तो आईच्या पायाशी बसून राहिला. जेवला नाही.

शुक्र. ७
आमच्या शेठना सगळं सांगितलं. म्हटलं, मिलमागची खोली रिकामी आहे, तिथे घरच्यांना सांभाळायला एक बाई ठेवा. फोल्डिंगमध्ये आम्हा सात-आठ जणींची हीच गत. कुणाचं तान्हं मूल, कुणाचा लकवा झालेला सासरा. शेठ ऐकून घेतात, हे खरं. म्हणाले, खोली देईन, पण बाईच्या पगाराचा भार मी एकट्याने का उचलू? समोरचे शेठ हो म्हणाले तर माझी ना नाही.
समोरचं लूमखातं म्हणजे भास्कर माग चालवतो तो कारखाना.

सोम. १०
भास्कर विचारायला तयार नाही. म्हणतो, शेठला घरचं सांगितलं की उद्या आपल्यालाच अडचणीचा माणूस समजतात. शेवटी जेवणाच्या सुट्टीत मीच गेले. त्याचे शेठ तरुण, सतत घाईत. उभ्या उभ्या म्हणाले, "तुमच्या शेठनी आधी हो म्हणावं, बेन. मग माझं पण हो."
रस्ता ओलांडून परत आले. रडू नाही आलं, राग आला.

मंगळ. ११
खोटं बोलले.
आमच्या शेठना सांगितलं, समोरचे तयार आहेत. समोर जाऊन सांगितलं, आमचे तयार आहेत. दोन्हीकडे "सारू", म्हणजे बरं, म्हणाले. भास्करला सांगायची हिंमत झाली नाही.

सोम. १७
खोली सुरू झाली. सविताबेन म्हणून शांत बाई मिळाल्या. सहा लहान मुलं, दोन म्हातारी माणसं. शटल रिक्षात, अनोळखी माणसांच्या दाटीत सासूबाई घाबरल्या, माझा दंड घट्ट धरून बसल्या. तास-दीड तास दारातून हलल्या नाहीत. मग एका बाळाच्या पाळण्याची दोरी हातात घेतली, ती सोडेनात. चहाच्या सुट्टीत दोनदा बघून आले.

बुध. १९
भास्करला सांगून टाकलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाला, शनिवारी मालकांच्या मंडळाची बैठक आहे, दोन्ही शेठ जाणार. तिथे विषय निघाला तर खोली जाईल, आपली दोघांची कामंही जातील.
खोलीवरची नवी पाटी बघून इतर बायका खूश आहेत. त्यांच्याकडे बघवत नाही.

शनि. २२
बैठक चार वाजता होती. सहा वाजता शेठची गाडी आत आली. आमच्याकडे न बघता केबिनमध्ये गेले.

सोम. २४
शेठनी बोलावलं. म्हणाले, समोरच्यांनी सगळ्यांदेखत माझे आभार मानले, पहिला होकार माझा होता म्हणून. मला वाटत होतं पहिला त्यांचा.
शेठ काचेतून खोलीकडे बघत होते. मग विचारलं, "पहिला होकार कोणाचा होता, बेन?"
"कोणाचाच नव्हता, शेठ."
शेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, मंडळातले आणखी तीन कारखानेवाले विचारतायत, आमची माणसंही घ्याल का म्हणून. उद्या अकराला समोरच्यांना इथे बोलावलंय. तुम्ही या, भास्करलाही आणा. बस, एवढंच. रागावलेत की नाही, चेहऱ्यावरून कळेना.
भास्करने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. दोनदा विचारून झालं, तिथे आपण काय बोलायचं. मी म्हटलं, खरं तेच.