२०९० च्या आत नाही

२४ ऑगस्ट २०२५
खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात जन्मभर मालाची तपासणी केली. बाद माल माझ्या नजरेतून सुटला नाही. त्याच अधिकाराने आज जाहीर केलं : यंत्र माणसापेक्षा हुशार होईल, पण २०९० च्या आत नाही.
वसुधा म्हणाली, "२०९०च काहून? तेव्हा जाब द्यायला तुम्ही नसाल म्हणून?"
बायकोला अंदाजशास्त्र कळत नाही.

२६ ऑगस्ट
आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस शैलेंद्र आला. त्याची मराठी अर्धी, बाकी हिंदी. गणपतीतल्या उखाणे स्पर्धेचा मी कायमचा परीक्षक. तर म्हणे, "काका, उखाणे तर आता मोबाइलपण बनवून राहिला." चहा निवायच्या आत एक बनवून दाखवला. बरा होता.
साल २०७५ केलं. घाबरून नव्हे, सौजन्य म्हणून.

२८ ऑगस्ट
शैलेंद्रची शर्त : यंदा उखाणे छापील चिठ्ठ्यांवर, नवऱ्याच्या नावाच्या जागी रेघ. सगळे बायकांचे, एक मोबाइलचा. तो मी ओळखायचा. चुकलो तर परीक्षकाची खुर्ची पुढच्या वर्षी मंडळातल्या विनतावहिनींना.
म्हटलं, चलो!

३१ ऑगस्ट
रोज सकाळी उखाण्यांचा अभ्यास करायचा संकल्प. आज सदर बाजारात जिलबी आणायला जावं लागलं, मग डोळा लागला. उद्यापासून.
वसुधानेही आपला उखाणा शैलेंद्रच्या मोबाइलला सांगून चिठ्ठी छापून घेतली म्हणे. "माझा तरी ओळखाल ना?"
तुझा अंधारातही ओळखीन, म्हणालो. खूश दिसली.

२ सप्टेंबर
अभ्यास राहिला. गरज नाही. अनुभव आहे.

३ सप्टेंबर
मंडळाच्या हॉलमध्ये स्पर्धा झाली. सविस्तर लिहितो, कारण लोक विपर्यास करतील.
पुरणपोळी, तूप आणि सासूबाईंची माया असलेल्या उखाण्याला पहिला नंबर दिला. हा वसुधाचाच, मी मनात ताडलं. तिच्याकडे बघून हसलोही. ती हसली नाही.
मग मोबाइलचा काढला :
"संगमरवरी खडकांतून नर्मदा काढते वाट,
——रावांचं नाव घेते, मान ठेवून ताठ."
माइकवरून समजावलं, नवऱ्याचं नाव घेताना मान ताठ? बाई मान खाली घालते. लाज ही गोष्ट यंत्राला कुठून ठाऊक? टाळ्या अपेक्षित होत्या.
शैलेंद्र म्हणाला, "काका, पुरणपोळीवाला मोबाइलचा."
आणि हा? मी विचारलं.
वसुधा उभी राहिली. रेघेच्या जागी माझं नाव, दिवाकर, घालून तिने तो अख्खा म्हटला. मान ताठ. टाळ्या तेव्हा पडल्या. वर म्हणाली, "आपल्या लग्नात हाच घेतला होता. याच हॉलमध्ये."
लग्नात बँड फार मोठ्याने वाजत होता, हे कोणी लक्षातच घेत नाही.

४ सप्टेंबर
खुर्ची गेली. गेली तर गेली. हरलो मी, मानवजात नाही. साल २०६०. याच्या खाली एक वर्षही उतरणार नाही.
वसुधा काल रात्रीपासून कामापुरतंच बोलते. दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हटलं, तो उखाणा पुन्हा एकदा म्हण. या वेळी नीट ऐकतो.
कणीक मळता मळता म्हणाली, "शैलेंद्रच्या मोबाइलला विचारा. त्याला एकदाच सांगितला होता."