डॉक्टर ‘स्वल्प’ म्हणाला

४ जुलै १९९४
पुण्याहून अजितरावांचा फोन. माझी रहस्यकथा त्यांच्या मासिकात क्रमशः चालू आहे ना—वाचकांचं एक पत्र नाही! “श्यामलाबाई, ही पडली तर पुस्तक विसरा. पुढचीही पाठवू नका.” संपादक आहे की कसाई! इथे बंगळूरला बसवनगुडीत बसून पुण्यातला खून लिहायचा, वर मराठी शुद्ध हवं. आमच्या घरचं मराठीच निम्मं कानडी—तपासून घेऊ तरी कुणाकडून?

रडले. मग तोंड धुऊन लिहायला बसले.

२ ऑगस्ट
पत्रं! गठ्ठेच्या गठ्ठे!

सगळ्यांचं एकच—खुनी डॉक्टर! का, तर स्वतःला अस्सल पुणेकर म्हणवतो आणि पेशंटला सांगतो, “स्वल्प थांबा.” स्वल्प कानडी; पुण्यात ‘जरा थांबा’ म्हणतात म्हणे! म्हणजे हा मूळचा बंगळूरचा, मेलेला व्यापारीही बंगळूरचा, जुनं वैर! “काय बेमालूम धागा सोडलात!”—एक सातारकर.

धागा कसला डोंबलाचा! मला वाटायचं, सगळेच स्वल्प म्हणतात. माझा खुनी वकील आहे!

३ ऑगस्ट
नवऱ्याला सांगितलं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून दमून आले होते, तरी पोट धरून हसले. “अगं, मग खुनी बदल की!”

बदलला! शेवटचं प्रकरण फाडलं. वकील बिचारा सुटला. डॉक्टर असा काही सापडलाय की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. पोस्टात टाकून आले.

२० सप्टेंबर
अंक संपला, पुन्हा छापताहेत! पुस्तक निघणार! गांधी बाजारात भाजी घेताना एकटीच हसत होते. भाजीवाली म्हणाली, “एनक्का, काय गं अक्का, एवढी खुशी?” हो गं बाई, खुशीच! दोन जुड्या कोथिंबीर जास्तच मागितली; ‘बरं’च्या जागी तिचं नेहमीचं कानडी, “सरी, अक्का.”

२१ सप्टेंबर
अजितरावांचा फोन. “बाई, एक सांगायचं राहिलं. तुमचे कानडी शब्द दर वेळी मी खोडतो. तो स्वल्प मुद्दाम ठेवला. मला डॉक्टरच खुनी हवा होता.”

अस्सा लबाड माणूस! मी संतापले. म्हटलं, “यापुढे माझा एक शब्द खोडलात तर बघा!”

मग म्हणाले, “सरी, अक्का.”

पुण्याचा माणूस!