चौथ्या पानावर आईचं नाव

प्रिय कोबिना,

'प्रिय' लिहिलं आहे ते सवयीने. त्यात फार काही शोधू नकोस.

आपल्या बापाची तू अक्राहून पाठवलेली फाइल काल सकाळी मिळाली. सोबतचा निरोपही मिळाला, "अराबा, पापांच्या अंत्यविधीची पुस्तिका तयार आहे. तू फक्त नीट मांडून छापखान्यात दे. वाचत बसू नकोस." बावीस वर्षं मी विनेबात टायपिंगचं दुकान चालवते आहे. या गावातला मेलेला माणूस आधी चरित्र आणि श्रद्धांजल्या होऊन माझ्या टेबलावर येतो, मग चर्चमध्ये जातो. वाचू नकोस म्हणणारी गिऱ्हाइकं मला नवी नाहीत. त्यांचंच आधी वाचावं लागतं.

खरं तर मी आधी वाचलं नाहीच, शोधलं. शोधायच्या चौकटीत आईचं नाव टाकलं, एफुआ. संगणक तुझ्यासारखा आढेवेढे घेत नाही. सापडलं नाही, असं त्याने लगेच सांगितलं. मग 'पत्नी' शोधलं. चार ठिकाणी निघालं आणि चारही ठिकाणी तुझी आई. 'मासे' शोधलं, 'भट्टी' शोधलं. काही नाही. दुसऱ्या पानावर मात्र पापांनी 'स्वकष्टाने' मास्तरकीचं शिक्षण घेतल्याचं लिहिलं आहेस. स्वकष्टाने! धुराने खोकला येतो म्हणून हा माणूस कधी भट्टीकडे फिरकला नाही. त्या भट्टीवर माझ्या आईने मासे धुरावर सुकवून विकले म्हणून त्याच्या हातात खडू आला. पुढे चर्चमधलं लग्न तुझ्या आईशी झालं, हे मान्य. पण त्याआधी माझ्या आईच्या घरी रीतसर दारू नेऊन त्याने तिचा हात मागितला होता. आपल्याकडे त्याला लग्नच म्हणतात. तू बँकेत लागल्यापासून बहुधा त्याला दुसरं काही म्हणतोस.

मुलांच्या यादीत तू पहिला आणि मी सातवी, तीन वर्षांनी मोठी असून. बापाची शवपेटी मुलांनी द्यायची म्हणून तू जी वर्गणीची यादी फिरवलीस, तिच्यात मात्र माझं नाव सगळ्यात वर आहे. तिथे तुला वय बरोबर आठवलं.

आता तुझ्या श्रद्धांजलीकडे येते. 'अश्रू पुसत लिहिलेली' असं तूच वर घातलं आहेस. वाचताना मला ती ओळखीची वाटली. पापांनी तुला लॉरीत बसवून तामालेपर्यंत नेलं म्हणे. पापा लॉरीत बसले की पहिल्या वळणाला ओकायचे. मग मी चार वर्षांपूर्वीची फाइल उघडली, तुझ्या मामाची. ते लॉरी चालवायचे, आणि त्यांची पुस्तिकाही मीच टाइप केली होती. ओळ न् ओळ तीच! सगळे करतात तसं तूही केलंस, जुनी पुस्तिका घेतलीस आणि संगणकाला सांगितलंस, जिथे जिथे 'मामा' आहे तिथे 'पापा' कर. पण लोक नंतर एकदा नजर तरी फिरवतात रे. तुझ्या श्रद्धांजलीत आता असं वाक्य आहे, 'पापांची लाडकी धाकटी बहीण म्हणजेच माझी आई.' शाबास! शनिवारी भर चर्चमध्ये हे वाचलं गेलं असतं, तर तुझ्या आईला पहिल्या बाकावरून उठून कुठे जावं कळलं नसतं. ते वाक्य मी काढलं आहे, तिच्याकडे बघून. तुझ्याकडे बघून ठेवलं असतं.

काल दुपारी मी घराण्याचे प्रमुख नाना बेंटिल यांच्याकडे गेले. ते माशाबरोबर मक्याचं केंके खात होते. मी म्हटलं, आईचं नाव राहिलंय, एक ओळ घालते. त्यांनी माशाचा काटा बाजूला काढला आणि म्हणाले, "पोरी, मजकूर मोठ्या मुलाचा, सही त्याची. वाढणारीने भांड्यात मीठ टाकू नये." मी विचारलं, मग तिचं काय? "कोबिनाला सांग. मोठा माणूस आहे, विसरला असेल."

तू विसरला असशील यावर माझा विश्वास नाही. तुझी आई व्यापाराला अबिजानला गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. पाच वर्षं तू आमच्या अंगणात वाढलास. तुला मलेरिया झाला तेव्हा माझ्या आईने पाठीला बांधून दवाखान्यात नेलं, तू पाठीला बांधण्याएवढा लहान राहिला नव्हतास तरी. तू तिला 'माय' म्हणायचास. मी तोही शब्द फाइलमध्ये शोधला. तोही नाही.

हे सगळं मी फोनवरही सुनावलं असतं. तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मीटिंगमध्ये असतोस. पण लिहायचं कारण वेगळं आहे. आज सकाळी आई दुकानात आली. तिला वाचता येत नाही, तुला माहीत आहे. तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "तुझं यंत्र म्हणे चटकन शोधतं. माझं नाव शोध बघू, कुठे घातलंय पोराने?" मला 'नाही' म्हणवलं नाही. मी अक्षरं मोठी केली, तिचं बोट धरून चौथ्या पानावरच्या एका ओळीवर ठेवलं आणि म्हटलं, हे बघ. तिने ती ओळ शेवटपर्यंत बोटाने चाचपली. "बरंच लिहिलंय की ग," म्हणाली. "कोबिनानेच ना?" मी हो म्हटलं. तिथे गाड्या कुठे लावायच्या त्याची सूचना होती. ती मी आता शेवटच्या पानावर नेली आहे आणि चौथं पान मोकळं ठेवलं आहे. उद्या दुपारी बाराला फाइल छापखान्यात जाईल. त्याआधी आईबद्दल तुझ्या शब्दांत, तुझ्या सहीने लिहून पाठव. या वेळी कुणाचं उचलू नकोस. तुझ्याबद्दलचं माझं मत त्याने बदलणार नाही. पण शनिवारी शेजारी जो बसेल त्याला आई चौथं पान वाचून दाखवायला सांगणार आहे.

बाप एक म्हणून तुझीच,
अराबा