जवसाच्या बिस्किटाला सोड्यांचा वास

जुईनगर

प्रिय गोजरा आत्या,

तुझ्या पायांना इथूनच हात लावते. गुडघा जिना चढू देतो का? (द्रोणागिरीच्या तुझ्या नव्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण तुझा तिच्यावर विश्वास नाही, ठाऊक आहे.) फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर ठेवतेस.

मागे विचारलं होतंस, तुर्भ्याच्या कारखान्यात मी करते काय. तर जवसाचं तेल, पाणी आणि डिंक दुधासारखं होईपर्यंत घुसळायचं आणि उंच टाकीत गरम हवेत फवारायचं. पाणी उडून जातं, तेलाच्या थेंबाथेंबावर डिंकाचं कवच बसतं, खाली पिठासारखी पावडर पडते. ती बिस्किटात घातली की जवसाचा गुण पोटात जातो, वास कवचाआड राहतो. राहायला हवा. कांदा-लसूणही न खाणारे बिस्किटवाले धर्मराजशेठ चव बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी घुसळायचं मशीन बंद पडलं आणि तेल वर तरंगलं. आमच्या वरच्या सुमेधा मॅडम म्हणाल्या, वेळ नाही, तसंच फवारा. उघडं राहिलेलं तेल खवट झालं आणि बिस्किटांना चक्क सुक्या मासळीचा, सोड्यांसारखा वास आला. शेठनी तुकडा रुमालात काढला, खुर्ची खिडकीशी नेली आणि मासळीचं तेल घातलंत का, एवढंच विचारलं. मॅडम एसीला दोष देऊ लागल्या. माझी तर बोलायची सोय नव्हती. (आगऱ्याची मुलगी आणि मासळीचा वास, कोण ऐकणार?) तेव्हा मशीन बघणारा आमचा इंजिनियर सौरभ उठला.

"शेठ, मासळी नाही. आमचं काम बिघडलंय. पुन्हा करून दाखवतो, मग ठरवा."

शेठ तेव्हा उठून गेले, पण पुढच्या आठवड्यात आले. या खेपेला मिश्रण नीट घुसळलं होतं, वास फक्त वेलचीचा. शेठनी एकामागून एक बिस्किटं खाल्ली आणि ऑर्डर दिली. खरं बोलायची कल्पना आपलीच, असं मॅडम आता सगळ्यांना सांगतात.

खवट बिस्किटांची पिशवी वाटेत फेकायची होती, ती राहून गेली. सौरभ मला घरी सोडायला आला तेव्हा ती पिशवी बाबांच्या हाती लागली. नको म्हटलं तरी "सोड्यांचा वास हाय, झकास हाय" म्हणत त्यांनी सौरभला शेजारी बसवून पिशवी अर्धी केली.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस),
भाविका

ता. क. सौरभ आणि मी लग्न करायचं ठरवलंय. तो महाडकडचा, बौद्ध आहे. बाबांनी त्याला गाव विचारलं, आडनाव अजून नाही. बाबा फक्त तुला घाबरतात, म्हणून तूच येऊन सांग.

ता. क. ताई, पोरीनं पाकीट टपालात टाकायला माझ्याकडं दिलं, मी वाचलं. आडनाव मी त्याला कवाच इचारलंय, हिला बोललो नाय. मी तुला घाबरत नाय. पन तू येच. पोराच्या आईबापाकडं जायला आपल्याकडनं वडीलधारं कोन तरी पायजे.